वादीचा आसूड: निवड आणि निगा

चामड्याच्या वाद्या गुंफून केलेल्या आसुडाचे चार भाग असतात. हातात धरायची दांडी, तिच्यापुढची गुंफलेली वेणी, वेणीच्या शेवटी बांधलेली एकेरी वादी आणि त्या वादीच्या टोकाला पिळलेल्या सुताचा छोटा गोंडा. दांडीजवळ बोटाएवढी जाड असलेली वेणी टोकाकडे हळूहळू निमुळती होत जाते. आसुडाचा सगळा गुण या निमुळतेपणात असतो आणि करणाऱ्याचे कसबही तिथेच दिसते.

मराठीत या वस्तूला अनेक नावे आहेत. आसूड आणि कोरडा हे शब्द खेड्यापाड्यांत रुळलेले आहेत, तर चाबूक हा शब्द फारसीतून आला. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले, ते ही वस्तू घरोघरी ओळखीची होती म्हणूनच. मरीआईच्या पोतराजाच्या हातातला कोरडा मात्र वेगळा असतो. तो जाड दोराचा वळलेला असतो आणि त्याचे काम मोठा आवाज काढण्याचे असते. वऱ्हाडात बैल हाकायला तुतारी वापरतात. ती वेळूची काठी असून तिच्या टोकाला लोखंडी आर बसवलेली असते. आसूड आणि तुतारी एकाच कामाची असली, तरी त्यांची रीत उलट आहे. तुतारीची आर टोचते, तर चांगला आसूड बैलाच्या अंगाला न लागता वाजतो.

वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. काळ्या जमिनीच्या या मुलखात पेरणी, डवरणी आणि वाहतूक पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर चालली. बैलाबरोबर चामड्याच्या वस्तू आल्या: विहिरीची मोट, तिचा नाडा, जुवाला बांधायची जोती, घुंगरांचे पट्टे आणि आसूड. मोट गेली, डवरणी आणि फवारणी यंत्रांकडे वळू लागली, बैलजोड्या कमी झाल्या. तरी पोळ्याच्या आधी बाजारात साजाची दुकाने लागतात आणि रंगीत नायलॉनच्या कासऱ्यांच्या ढिगात एखादा खऱ्या वादीचा आसूड दिसतो. तो पारखता यायला हवा आणि घेतल्यावर टिकवताही यायला हवा.

आवाज कसा निघतो

आसुडाचा कडाका चामडे चामड्यावर आपटून होत नाही. हाताला झटका दिला की वेणीत एक वळसा तयार होतो आणि तो टोकाकडे धावतो. वेणी पुढे पुढे बारीक आणि हलकी होत जाते. हाताने दिलेली शक्ती कमी कमी वजनात साठत गेल्यामुळे वळशाचा वेग वाढत जातो. शेवटी तो आवाजाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरला, मागे टाकतो. त्या क्षणी हवेत धक्कालहर उठते आणि ती कानाला कडाका म्हणून ऐकू येते. १९५८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अतिवेगवान छायाचित्रे घेऊन या हालचालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ मध्ये अॅरिझोना विद्यापीठातील दोन गणितज्ञांनी कडाक्याचे मूळ धावत्या वळशात असल्याचे गणिताने दाखवले.

निवडीचे बहुतेक नियम यातूनच निघतात. वेणीत मध्येच गाठ, फुगवटा किंवा पोकळ जागा असेल, तर वळसा तिथे अडखळतो आणि शक्ती वाया जाते. वेणी टोकापर्यंत सारख्याच जाडीची असेल, तर वेग वाढत नाही. मग आवाज काढण्यासाठी जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला आसूड जनावराला लागतो. सुबक आसूड थोड्या झटक्यातच वाजतो.

कातडे

वेणीचे आयुष्य कातड्यावर अवलंबून असते. कातडे म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या बारीक तंतूंचे जाळे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना हे जाळे घट्ट असते, तर पोटाकडे आणि काखेत सैल. पाठीच्या भागाची वादी ताणली तरी फारशी लांबत नाही. पोटाची वादी आज घट्ट बसते आणि महिनाभरात ढिली पडते. म्हणून चांगला कारागीर पाठीचे कातडे वेणीसाठी ठेवतो आणि पोटाचे आतल्या भरणीला वापरतो.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आता प्रामुख्याने म्हशीचे आणि शेळीचे कातडे मिळते. म्हशीचे कातडे जाड आणि भरड असते. वेणीच्या आतल्या गाभ्याला आणि टोकाच्या एकेरी वादीला ते उत्तम, पण वेणीला वापरायचे तर आतून तासून पातळ करावे लागते. शेळीचे कातडे पातळ असूनही चिवट असते, त्यामुळे वरच्या बारीक गुंफणीला ते शोभते. ऑस्ट्रेलियात गुरे राखणाऱ्यांचे चाबूक कांगारूच्या कातड्याचे असतात, कारण ते पातळ तासले तरी तुटत नाही. आपल्याकडे त्याला जवळचे कातडे शेळीचेच.

कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. जुन्या रीतीत चुन्याच्या पाण्यात केस सोडवून कातडे बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीत आणि हिरड्यात मुरवतात. असे कातडे तपकिरी, भरीव आणि दिलेला आकार धरून ठेवणारे होते. दुसऱ्या रीतीत क्रोमियमचे क्षार वापरतात. ते कातडे मऊ, लवचीक आणि पाण्याला जास्त टिकणारे असते, पण ताणले जाते. ओळखायचे असेल तर वादीची कापलेली कड पाहावी. आतपर्यंत तपकिरी असेल तर सालीत कमावलेले. मध्ये निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमचे. वेणीला सालीत कमावलेले कातडे बरे, कारण घट्ट ओढून बसवलेली गुंफण ते सोडत नाही. न कमावलेले कच्चे कातडे सुकल्यावर लाकडासारखे कडक होते आणि ओले झाले की लिबलिबीत. आसुडासाठी ते टाळावे.

या कातड्यामागे माणसांच्या श्रमाचा मोठा आणि कडू इतिहास आहे. बलुतेदारीत मेलेले जनावर ओढण्याचे काम महार समाजावर लादलेले होते. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे, चामड्याच्या वस्तू करण्याचे चर्मकारांकडे आणि दोर वळण्याचे मातंग समाजाकडे होते. या कामाविना शेती चालत नव्हती, तरी करणाऱ्याला गावाने शिवू दिले नाही. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि लादलेली कामे नाकारण्याची चळवळ पुढे गावोगाव पोहोचली. गावातच कातडे सोलून तिथेच कमावण्याची जुनी साखळी त्यानंतर तुटत गेली. आज बहुतेक कारागीर मोठ्या शहरांतून कमावलेले कातडे विकत आणतात. त्यांच्या हातचा आसूड घेताना योग्य दाम देणे हा त्या कसबाचा किमान मान आहे.

गुंफण

वाद्या कापण्यापासून कौशल्याची कसोटी सुरू होते. लांब वादी हवी असेल तर कारागीर कातड्याचा गोल तुकडा घेतो आणि रापीने कडेपासून मध्याकडे फिरत फिरत एकसंध पट्टी काढतो. मग ती ओढून तिचा ताण काढतो. जो भाग जास्त लांबतो तो अरुंद होतो, म्हणून पट्टी पुन्हा एकसारख्या रुंदीची करावी लागते. शेवटी दोन्ही कडा आतून तिरप्या तासल्या जातात. कडा तासलेल्या वाद्या एकमेकींवर चपखल बसतात. न तासलेल्या वाद्यांची वेणी दिसायला जाड, पण आतून पोकळ असते.

वेणीच्या आत गाभा असतो. तो एका निमुळत्या चामडी पट्टीचा असतो आणि त्यावर बऱ्याचदा आणखी एक आतली वेणी असते. साध्या आसुडाची वरची वेणी चार पेडांची, मध्यम आसुडाची आठ आणि नाजूक कामाची बारा किंवा अधिक पेडांची असते. पेड वाढले की वेणी गोल आणि गुळगुळीत होते, पण प्रत्येक वादी अरुंद झाल्यामुळे कातडे निवडक लागते. हलक्या कातड्याच्या बारा पेडांपेक्षा चांगल्या कातड्याचे चार पेड जास्त टिकतात.

गुंफताना वाद्या किंचित ओलसर करून त्यांना चरबी आणि साबणाचे मिश्रण चोळतात. त्यामुळे वाद्या एकमेकींवरून सरकतात आणि ओढ पूर्ण बसते. वेणी पुढे सरकते तसे दोन दोन पेड कमी करत जातात, म्हणजे ती आपोआप निमुळती होते. कमी केलेले पेड आत दडपले जातात. ते दडपण नीट झाले नसेल, तर त्या जागी उंचवटा राहतो. वेणी पुरी झाल्यावर दोन सपाट फळ्यांमध्ये घोळून गोल करतात. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावरची नाजूक वेणी ज्यांनी निरखून पाहिली असेल, त्यांना या हातकामाची कल्पना येईल. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वादीची वेणी घालणारे असे हात केवळ चपलेपुरते नसतात.

निवड

आसूड घेताना पारख क्रमाने करावी.

आधी तो हुंगावा. कमावलेल्या कातड्याला सालीचा आणि चरबीचा उबदार वास असतो. कुजका वास आला तर कमावणी अर्धवट आहे, रबराचा वास आला तर आत नळी भरलेली आहे, आणि प्लॅस्टिकचा वास आला तर ते रेक्झिन आहे. रेक्झिनची आणखी एक खूण म्हणजे कापलेल्या कडेवर कापडाचे धागे दिसतात.

मग दांडी आडवी धरून वेणी मोकळी लोंबू द्यावी. ती एका सलग कमानीत उतरायला हवी. मध्येच काटकोन पडला किंवा एखादा भाग ताठ राहिला, तर गाभा तिथे तुटका किंवा जोडलेला असतो.

यानंतर डोळे मिटून वेणी अंगठा आणि बोटांमधून सरकवावी. डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खड्डे बोटांना कळतात. पेडांची रुंदी मुठीपासून टोकाकडे हळूहळू कमी व्हावी. मध्येच रुंद, मध्येच अरुंद असू नये.

वेणीचा मुठीएवढा वळसा करून पेडांमध्ये फटी पडतात का ते पाहावे. बारीक फट चालेल, पण आतला गाभा दिसला तर गुंफण सैल आहे. दोन्ही टोके धरून हलके ओढावे. चांगली वेणी ओढ सहन करते. रबरासारखी लांबत गेली, तर वाद्या पोटाच्या कातड्याच्या आहेत.

शेवटी दांडी आणि वेणीचा सांधा तपासावा. आसूड बहुतेक वेळा इथेच तुटतो. सांधा वाद्यांनी घट्ट वेढलेला असावा आणि तिथे खिळा ठोकलेला नसावा. खिळ्याच्या छिद्रापासून कातडे फाटत जाते आणि गंजाने काळे पडते. वरचा गडद रंग ओल्या कापडाने पुसून पाहावा. उतरणाऱ्या रंगाखाली बऱ्याचदा चिरा, गोचिडांचे डाग आणि सोलताना सुरीने पडलेले चरे झाकलेले असतात.

लांबी वापरावर ठरते. धुरेवर बसलेल्या धुरकऱ्याला बैल जवळ असतात, म्हणून हातभर दांडी आणि दोन ते तीन हात वेणी पुरते. त्याहून लांब आसूड जुवात, चाकात किंवा शिंगांत अडकतो. मिरवणुकीत किंवा मोकळ्या मैदानात नुसता आवाज काढायचा असेल, तर लांब वेणी चालते. दांडीला भरीव वेळू, धावडा किंवा बोरीचे लाकूड चांगले. ते चिवट असते आणि झटक्याने चिरत नाही. दांडी बोटावर तोलून पाहावी. वजन मुठीकडे असेल तर मनगट थकत नाही.

वापर आणि मर्यादा

नवा आसूड ताठ असतो. पहिले काही दिवस तो न वाजवता सावकाश फिरवावा, म्हणजे गाभा आणि वाद्या एकमेकांशी जुळतात. प्रत्येक वेणीला वळण्याची एक नैसर्गिक बाजू असते. दांडी हातात हळूहळू फिरवली की वेणी एका बाजूला सहज झुकते. त्याच बाजूने आसूड वापरावा; उलट्या बाजूने वाकवल्यास पेड लवकर झिजतात. सराव करताना डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी असावी. टोकाचा वेग डोळा फोडण्याइतका असतो. माणसे आणि जनावरे आसुडाच्या पल्ल्याबाहेर हवीत. दगड, काँक्रीट किंवा काटेरी कुंपणावर टोक आपटू देऊ नये.

बैलाला आवाज पुरतो. कडाका आणि मालकाची हाक त्याला लवकर कळते, आणि अंगावर फटका खाल्लेला बैल बिथरतो किंवा निबर होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार जनावराला मारून वेदना देणे हा गुन्हा आहे. ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी अणकुचीदार काठी वापरण्यास मनाई केली आहे, म्हणजे तुतारीची आरही त्यात येते. विदर्भातील शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबले होते. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारी महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली, पण शर्यतीच्या नियमांत चाबूक आणि काठीला मनाई आहे. लोकरीतीने ही मर्यादा फार आधीच ओळखली होती. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला बैलाकडून काम करून घेत नाहीत आणि त्याच्यावर तुतारीही उचलत नाहीत. आदल्या दिवशी त्याचा जुवाने सोललेला खांदा हळद-तुपाने शेकतात.

रोजची निगा

कातडे खराब होते ते मुख्यतः तीन कारणांनी: तंतूंमधली चरबी सुकणे, पाण्याने फुगणे आणि धुळीने घासले जाणे. काळ्या जमिनीची चिकण माती पेडांमध्ये बसली, की सुकल्यावर तिचे कण वेणी हलताना वाद्या आतून कापतात. म्हणून वापरानंतर आसूड कोरड्या फडक्याने मुठीकडून टोकाकडे पुसावा. माती ओली असेल तर ती सावलीत सुकू द्यावी आणि मग मऊ ब्रशने झाडावी. पाण्याखाली धरून धुऊ नये.

तेल देताना बहुतेकांच्या हातून चूक होते. जास्त तेल पाजले की तंतू सैल होतात, वेणी लांबते आणि टोक जड पडते. वर्षातून दोन-तीन वेळा, तेही हाताला लागेल इतकेच, पुरेसे असते: उन्हाळ्याच्या तोंडाशी, पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर. त्यासाठी जनावराची शुद्ध चरबी किंवा एरंडेल चांगले, कारण एरंडेल हवेत वाळून घट्ट होत नाही. जवसाचे तेल घरात सहज मिळाले तरी लावू नये. ते हवेत सुकून चिकट, मग कडक थर धरते. करडईचे तेलही कमी प्रमाणात तेच करते. शेंगदाण्याचे तेल खवट होऊन उंदरांना बोलावते. इंजिनातले जळके तेल कातड्याला कायमचे काळे आणि ठिसूळ करते. तेल बोटांनी चोळावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी वर राहिलेले पुसून टाकावे. सुताच्या गोंड्याला तेल लावू नये.

उन्हाळ्यात वाशिमकडे पारा ४० अंशांपुढे जातो. गाडीवर किंवा पत्र्याच्या छपराखाली राहिलेला आसूड काही दिवसांत कडक होतो. कडक झालेली वेणी जोराने वाकवू नये, तिचे तंतू तुटतात. तिला थोडी चरबी लावून दोन-तीन दिवस सावलीत ठेवावे आणि मग हळूहळू वळवावे.

पावसाळा आणि साठवण

आसूड भिजला तर फडक्याने टिपून, सरळ करून, वारा खेळेल अशा सावलीत टांगावा. ऊन किंवा चुलीची धग लावू नये. ओले कातडे थोड्याच उष्णतेने आकसते आणि ते पुन्हा सैल होत नाही. किंचित ओलसर असतानाच तेलाचा हलका हात फिरवला, तर सुकताना ते ताठ होत नाही.

आषाढ-श्रावणात बुरशी येते. पांढरी बुरशी घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसावी, मग निम्मे पाणी घातलेल्या व्हिनेगरचे पिळलेले फडके फिरवावे आणि आसूड हवेशीर जागी पूर्ण सुकवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेला आसूड बुरशीला आयता बळी पडतो. त्याला सुती कापडाची पिशवी योग्य.

गोठ्यात आसूड टांगण्याची सवय सोडावी. मूत्राच्या वाफेतला अमोनिया सालीत कमावलेले कातडे काळे आणि कमकुवत करतो. युरियाची पोती ठेवलेल्या खोलीतही हवेतली ओल आणि क्षार त्रास देतात. घरातल्या कोरड्या भिंतीवर जाड, गोल खुंटीला आसूड अडकवावा. खिळ्यावर टांगल्यास त्या जागी घडी पडते आणि वेणी तिथेच तुटते. गुंडाळायचा असेल तर मोठे, सैल वळसे घ्यावेत आणि वर काही ठेवू नये.

दुरुस्ती

सुताचा गोंडा आणि टोकाची एकेरी वादी झिजण्यासाठीच असतात. ही दोन्ही झिजल्याने वेणी वाचते, म्हणून ती वेळीच बदलावीत. गोंडा उसवला की अंबाडीच्या किंवा सुती दोऱ्याचा नवा पिळून बांधावा. गोंड्याशिवाय आसूड वाजवल्यास वादी चिरते, आणि वादीशिवाय वाजवल्यास वेणीचे शेवटचे पेड सुटू लागतात.

वेणीतला एखादा पेड तुटला तर आसूड लगेच बाजूला ठेवावा. एका तुटक्या पेडाचा ताण शेजारच्या पेडांवर येतो आणि थोड्याच दिवसांत सगळी वीण उसवते. वेळेत नेलेल्या आसुडात कारागीर नवी वादी आत सरकवून जोड देतो. मुठीजवळची वेढणी सैल झाली तर तीही नव्याने घालता येते. गाभा तुटला असेल तर मात्र वेणी पूर्ण उलगडावी लागते, आणि दुरुस्तीपेक्षा नवा आसूड परवडतो.

जुन्या कातड्यावर लालसर भुकटी सुटू लागली, तर त्याचे तंतू आतून मोडलेले असतात. तेल पाजून ते परत जुळत नाहीत. असा आसूड वापरू नये, कारण तो वाजवताना तुटून उडतो. त्याची दांडी शाबूत असल्यास ती काढून ठेवावी. चांगल्या धावड्याच्या दांडीवर कारागीर पुन्हा नवी वेणी चढवून देतो.